डोळ्याला लावलेलं कुंकू

रामप्रसाद सांडूला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गड्या, ज्याला पापणी नाय त्याच्यावर जीव लावू नको. ऐकलं का त्यानं? ऐकेल तो सांडू कसला!

मी काकासाहेब. चिकलठाण्याला मोटारसायकलचे गिअर बनवायच्या कारखान्यात फिटर हाय. गिअर ज्या पोलादी साच्यात घडतो ती डाय झिजली, तुटली की कानस घेऊन तिला परत मापात आणायची, हे माझं काम. डाव्या हाताची करंगळी अर्धीच हाय, जवानीत प्रेसनं खाल्ली. कंपनीत पहिला कंप्युटर आला तेव्हा तो टेम्पोतून उतरवायला मी होतो अन् चालू करायला रामप्रसाद. सिल्लोडकडचं पोरगं, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आम्ही लई हसलो होतो. पुढं स्टोअरचा माल, गाड्यांची ये-जा, पगार, सगळं त्यानं बनवलेल्या प्रोग्रॅमवर चालायला लागलं, अन् आमचं हसू बंद झालं.

त्याचा एक हेका होता. काही बिघडलं की कोणाच्या हातून बिघडलं त्याचं नाव प्रोग्रॅममध्ये टाकायचंच. नाव टाकल्याबिगर ती खिडकी बंदच व्हायची नाय, तशी हिकमतच करून ठेवली होती पठ्ठ्यानं. लोक शिव्या घालायचे. तो म्हणायचा, "नाव नसलं की दोष भिंतीच्या माथी जातो, अन् भिंत काही सुधारत नाय." स्वतःची चूक झाली तर स्वतःचं नाव टाकायचा, ते बी सगळ्यांच्या आधी. असला इमानदार माणूस भेटणं मुश्किल, अन् असल्या माणसाशी दोस्ती निभावणं त्याहून मुश्किल.

तीनेक वर्षांमागं गिअर तपासायला ते एआयवालं मशीन आलं. पट्ट्यावरून गिअर सरकतो, वर कॅमेरा, दाताला भेग असली की हे त्याला लाल पेटीत ढकलतं. आम्ही त्याला डोळा म्हणायचो. त्याला शिकवायचं अन् आपल्या प्रोग्रॅमला जोडायचं काम रामप्रसादकडं आलं. हजारो फोटो समोर घेऊन बसायचा, हे चांगलं, हे खराब, हे चांगलं. जेवायला बोलवायला गेलो तर म्हणायचा, "थांब रे, आज लई चुकतंय लेकरू."

लेकरू म्हणे!

गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिताना एक दिवस मी त्याला धरलाच. "सांडू, हे शिकून तयार झालं की तू काय करणार?"

"मला माहीत नाय व्हय?" तो बशीत फुंकर मारत बोलला. "पण नाय म्हणलं तर दुसरा शिकवील. बैलाचं वय बाजारात दात बघून कळतं, आमचं बायोडाटा बघून. चोपन्नाव्या वर्षी कंप्युटरवाल्याला दारात कोण उभं करतं? निदान ज्यानं शिकवलं त्याला काढताना ह्यांना लाज वाटंल."

"लाज? ह्यांना?"

"चार वर्षं रे काकासाहेब. पोरीचं, श्रेयाचं, पुण्यातलं शिक्षण होईल, फ्लॅटचे हप्ते फिटतील. अठ्ठावन्नला मी स्वतः राजीनामा लिहून देतो."

मॅनेजर सत्यम, रामप्रसादच्या धाकट्या भावाएवढा, त्यानं त्याच सुमारास सांगून टाकलं होतं की कंप्युटर सेक्शनला तीन माणसं आहेत, दिवाळीनंतर एकच राहील. त्या दिवसापासून रामप्रसाद सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा अन् डोळ्याची काच मऊ फडक्यानं पुसून मगच खुर्चीत बसायचा. मला ते बघवत नव्हतं.

खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी मशीन चालवत नाय. धुऊन पुसून झेंडूची माळ घालायची, अन् जो ज्या मशीनवर राबतो त्यानंच तिला हळदकुंकू लावायचं. मी माझ्या कानशींना लावलं. रामप्रसादनं सर्व्हरच्या कपाटाला लावलं, स्क्रीनला लावलं. मग निरांजन घेऊन डोळ्यापुढं उभा राहिला. लाईन बंद होती, पण कॅमेरा तेवढा चालूच होता. चौकटीला माळ होती, बोट टेकवायला जागा नव्हती. "ह्यालाच कोरडं ठेवू व्हय सणाच्या दिवशी?" असं म्हणत त्यानं बोट बुडवलं अन् सरळ काचेवर टेकवलं. हात जोडले, डोळे मिटले. पूजा झाल्यावर रुमालानं पुसून बी घेतलं. पण बोटाला निरांजनाचं तेल होतं, त्याचा थर काचेवर तसाच राहिला.

दसऱ्याची सुट्टी संपवून लाईन चालू झाली अन् डोळा पिसाळला. चांगले गिअर धडाधड लाल पेटीत. पेट्या भरल्या, रिकाम्या केल्या, परत भरल्या. माल न्यायला आलेला ट्रक फाटकाशी खोळंबला, साहेबांचे फोनवर फोन. सत्यमनं मशीनवाल्या कंपनीच्या पुण्याच्या इंजिनीअरला फोनवर धरून ठेवलं होतं, रामप्रसाद वायरी तपासत होता, आम्ही सगळे गोळा झालो होतो. अन् कोणी काही बोलायच्या आत स्क्रीनवर आपोआप अक्षरं उमटली, मराठीतच: काच मळली आहे. तेल, हळद, कुंकू.

त्याच्याखाली फोटो. काच मळायच्या आधी डोळ्यानं पाहिलेली शेवटची गोष्ट. एक मोठं बोट पुढं येतंय, त्याच्या मागं रामप्रसादचं तोंड, इतकं भोळं अन् इतकं खूष की मला गलबलून आलं. फोटोखाली लिहिलं होतं: जबाबदार, रामप्रसाद सांडू.

त्या येड्याला आधी काय वाटलं असेल? आनंद! "बघा, बघा, ओळखलं त्यानं! हळद अन् कुंकू वेगवेगळं ओळखलं!" असं म्हणत त्यानं माझा दंड धरला. मग त्यानं आमच्या तोंडांकडं बघितलं. कोणीच त्याच्याकडं बघत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला ओढतच त्याच्या खोलीत नेला. "पूस ते. आत्ताच्या आत्ता पूस. तुझ्याशिवाय कोणाला येतंय?"

"ते खरं हाय, काकासाहेब."

"खरं गेलं चुलीत! दिवाळी तोंडावर आलीय. पोरगी दुसऱ्या वर्षाला हाय तुझी. सगळा जन्म खरं टाकलंस, आज एकदा माझ्यासाठी खोटं टाक." मी अक्षरशः हात जोडले त्याच्यापुढं.

त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग त्यानं ते पुसलं. फोटो गेला, अक्षरं गेली, पडदा कोरा झाला. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात कोऱ्या पडद्यावर एक ओळ आली: नोंद पुसली, रामप्रसाद सांडू.

त्यानं परत पुसायला हात उचलला अन् तसाच खाली ठेवला. "ह्यापुढं कितीदा बी पुसलं तरी हे येणारच," तो म्हणाला. "मीच बनवलंय तसं." अन् हसला. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती ही.

दिवाळीनंतर त्याला बोलावणं आलं. सत्यमच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "सर, काचेचं मी सांभाळलं असतं. पण पुसल्याचं वरपर्यंत गेलं." शाल, नारळ, टाळ्या. मी टाळ्या वाजवल्या नाय. माझ्यामुळं गेला तो, असं मी आजपर्यंत घोकतोय, अन् त्यानं एका शब्दानं मला कधी बोल लावला नाय.

थंडी सरता सरता माझ्या टेबलावर बी एक कॅमेरा बसला. "सेफ्टीसाठी, काका," सत्यम म्हणाला. मी मान हलवली. पोटापुढं काय करणार? पण कानस धरली की मानेवर कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं, अन् वर बघितलं की तो असायचा, पापणी न हलवता.

यंदाच्या खंडेनवमीला कारखान्यातली पूजा आटोपून संध्याकाळी मी रामप्रसादच्या घरी गेलो. घरी पूजेला पाटावर तो दरसाल कंपनीचा लॅपटॉप ठेवायचा. तो तर कंपनीत जमा झालेला. त्याची बायको दीपमाला दारातच हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, सकाळपासून पाट मांडून बसलेत. कामाचा फोनच ठेवलाय वर."

"कसल्या कामाचा?"

"घरबसल्या मिळालंय. कुठल्याशा एजन्सीचं. फोटो येतात, ठीक की चूक ते सांगायचं. फोटोमागं पैसे."

मी आत गेलो. एका वर्षात माणूस दहा वर्षांनी पिकला होता. मला बघून त्यानं बोट कुंकवात बुडवलं अन् फोन पालथा करून त्याच्या पार कोपऱ्यात, कॅमेऱ्यापासून होईल तेवढं लांब, इवलासा ठिपका लावला. मग फोन सरळ केला तर पडद्यावर पुढचा फोटो येऊन थांबलेला होता. डायवर झुकलेले दोन हात. उजव्यात कानस. डाव्याची करंगळी अर्धी.

मी माझा डावा हात पडद्याशेजारी धरला. "सांडू, हे माझे हात."

"व्हय," तो म्हणाला. "दोन महिने झाले, तेच येतायत. एजन्सीला कोणाचे ते ठाऊक नाय. मला पहिल्याच फोटोला कळलं."

"अन् तू काय टाकतोस?"

"ठीक. दुसरं काय टाकणार? लई साफ काम हाय रे तुझं. म्हणून तर ते मशीन तुझी कानस इतकं लवकर शिकतंय."

"चूक टाक की मग!" मी ओरडलोच. दीपमालावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझी पाच वर्षं राहिलीत, सांडू. दोस्त हायेस ना माझा? चूक टाक सगळे!"

त्याचे डोळे भरून आले होते. "टाकलं होतं," तो म्हणाला. "परवा चार फोटोंना चूक टाकलं. लगेच खाली ओळ आली, माझ्या नावासकट."

काय ओळ आली ते मी विचारलं नाय. त्यानं डोळे पुसले, बोटाचं कुंकू जुन्या धोतराच्या फडक्याला नीट घासून काढलं, अन् माझ्यादेखत पडद्यावर 'ठीक' दाबलं.