हिरव्या बांगड्या, निळी भिंत

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी मावशी दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलायच्या आणि एक झटका द्यायच्या. मनगटातल्या सगळ्या हिरव्या बांगड्या खळकन कोपराकडे सरकायच्या. मग म्हणायच्या, "हां, बोला आता." फरशी पुसायची असो नाहीतर प्राचार्यांशी हुज्जत घालायची असो, सुरुवात हीच.

तुमच्यापैकी जे कॉलेजात शिकलेत त्यांना ठाऊक असेल, कॉलेज खरं कोण चालवतं ते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीच्या आमच्या कॉलेजात विद्यापीठाचा ॲनिमेशनचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि मी साताऱ्याहून तो शिकायला आले होते. घरी सगळ्यांची समजूत, पोरगी कार्टून काढायला गेलीय. लॅबमध्ये सहा कॉम्प्युटर, एक एसी आणि शिपाई म्हणून मावशी. यातलं कधीच बंद न पडणारं काय होतं, हे सांगायला नको.

चपला दाराबाहेर, हा मावशींचा कायदा. एकदा संस्थेचे एक पदाधिकारी बूट घालून पाहुण्यांसकट आत शिरले. मावशींनी बांगड्या सारल्या.

"सायेब, बूट."

"अहो, मी कोण माहीत आहे का?"

"व्हय की. पर धूळ काय मानूस बघून आत येतीया व्हय?"

साहेब बूट काढायला मागे फिरले. पाहुण्यांनी मोजे फाटके निघू नयेत म्हणून काय काय नवस केले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

आमचं चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर दिवस दिवस घ्यायचा. दोन-चार सेकंदांच्या तुकड्यासाठी तो सकाळपासून घरघरत राही आणि कुणी चुकून बटण दाबलं की सगळं पाण्यात. मावशींनी त्यावर उपाय काढला होता. चालू कॉम्प्युटरवर त्या आपला पंचा टाकायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, "शिजतंय. झाकन काढू नगा." आमचे सरही पुढे तेच म्हणू लागले.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी आणि आष्ट्याचा एक मुलगा अशी जोडी होती; सगळे त्याला आष्टेकरच म्हणायचे. विषय मोशन कॅप्चर, म्हणजे माणसाची खरी हालचाल पकडून ती कॉम्प्युटरमधल्या आकृतीला द्यायची. परदेशात त्यासाठी खास यंत्रं होती. आमच्याकडे लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचे दोन व्हिडिओ कॅमेरे आणि टेबल टेनिसचे चेंडू. ते सांध्यांवर बांधायचे, माणसाला चालवायचं आणि मग एकेका चित्रात प्रत्येक चेंडूवर माउसने टिचकी मारत बसायचं. आधी मी स्वतः चालले. मावशींनी स्क्रीनवरची ती आकृती पाहिली आणि मान हलवली.

"ह्येचं पाऊल भुईला लागंना गं. तापल्या तव्यावर चालल्यागत चाललंय."

"मग तुम्ही दाखवा," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले.

त्यांनी दाखवलं. मावशी माण तालुक्यातल्या एका वाडीच्या. लहानपणापासून पाण्यासाठी डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन मैलोन्‌मैल तुडवलेले. मान हलत नव्हती, खांदे हलत नव्हते, कमरेखाली मात्र सगळं वाहत होतं. आम्ही दोघं बघतच राहिलो आणि त्याच दिवशी आमच्या प्रोजेक्टची नायिका बदलली.

पुढचा भाग कंपोझिटिंगचा. हिरव्या पडद्यापुढे मावशी घागर घेऊन चालणार. मग कॉम्प्युटरला सांगायचं, हिरवं तेवढं काढून टाक, आणि त्या जागी आम्ही रंगवलेला माणचा माळ बसवायचा. सरांनी हौसेने हिरवं कापड आणून, शिवून, भिंतीवर ताणून बसवलं होतं. मावशी चालल्या. कॉम्प्युटरने सांगितल्याबरहुकूम हिरवं काढलं. पडद्याबरोबर बांगड्याही काढल्या. स्क्रीनवर मावशींचे पंजे हातांपासून सुटे होऊन माळावर तरंगत येत होते. आम्ही पोट धरून हसलो.

"मावशी, पुन्हा घेऊ या," आष्टेकर म्हणाला. "बांगड्या तेवढ्या काढून ठेवा."

आणि मी, चांगली बावीस वर्षांची, साताऱ्याच्या सोवळ्याओवळ्याच्या घरातली मुलगी, फ्लॉपी ठेवायचा रिकामा डबा त्यांच्यापुढे धरला. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं, हे मला पाळण्यात शिकवलेलं. पण डोकं स्क्रीनमध्ये अडकलं होतं. मावशींनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घागर खाली ठेवली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, लॅब झाडली, कुणाशी बोलल्या नाहीत. तो दिवस मला खायला उठला. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, चुकलं माझं."

त्या फरशीवर बसल्या. मलाही बसवलं.

त्यांचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. अकरा वर्षांपूर्वी जत्रा करून मुंबईला परत गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. वाडीतली माणसं चाळीत, इस्पितळात, चौकीत विचारून आली. कुठे पत्ता नाही. सासरची माणसं दोन-तीन वर्षं थांबली, मग म्हणू लागली, आता काढ. जाऊ सगळ्यांत पुढे. दर जत्रेला मावशी गावी जायच्या आणि दर जत्रेला हाच विषय निघायचा.

"मी म्हनते, ज्यानं त्येला मेल्याला बघितलाय, त्यानं म्होरं यावं. त्येच्या म्होरं काढते. हाय का कोन? न्हाई. मग माझा मानूस हाय."

"आणि मीही त्यासाठीच डबा धरला तुमच्यापुढे," मी म्हणाले. मला रडू आलं होतं.

"तुला काय ठावं पोरी!" त्यांनी माझ्या पाठीवर चापट मारली. मग त्या हिरव्या कापडाकडे बघत राहिल्या. "परदा कुनी लावला?"

"सरांनी."

"मग मानसाच्या हाताला का येता रं तुमी? परदाच काढा की!"

इतकं सोपं होतं. आम्ही एका बाईच्या हातातलं उतरवायला निघालो होतो आणि भिंतीवरचं उतरवायचं आम्हाला सुचलं नव्हतं. निळ्या रंगावरही हे काम होतं, हे पुस्तकात लिहिलेलं होतं आणि आम्ही ते परीक्षेसाठी पाठही केलं होतं.

सर पुण्याला गेले होते. मावशींनी कापड उतरवलं, बादलीत चुना भिजवला, त्यात नीळ कालवली आणि वाडीतलं घर सारवावं तशा त्या भिंतीला भिडल्या. तीन हात दिले. आम्ही दोघं बादल्या उचलत होतो. सर आले आणि दारातच थांबले. आपलं शिवलेलं कापड घडी करून टेबलावर ठेवलेलं त्यांना दिसलं, भिंत दिसली. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून आम्ही बादल्यांमागे उभे. सर भिंतीजवळ गेले, डोळे बारीक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून आले.

"रंग कुठे तुटलेला नाही," ते म्हणाले. "लाइट लावा."

या वेळी माळावरून मावशी सगळ्याच्या सगळ्या चालत आल्या. त्या स्क्रीनला नाक लावून आपला हात बघत राहिल्या. "समद्या हायत," म्हणाल्या आणि झाडू घेऊन कामाला लागल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी विचारलं, "हिरवा पडदा असताना भिंत का रंगवली?"

"बाईंच्या हातात हिरव्या बांगड्या आहेत, सर."

"काढायला सांगायच्या. पाच मिनिटांचं काम."

"नाही सांगायच्या, सर," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. आम्ही पास झालो. पुण्याच्या स्टुडिओत मला नोकरी लागली, त्या मुलाखतीतही मी हेच चित्र दाखवलं आणि कुणी विचारायच्या आतच भिंत निळी का ते सांगून टाकलं. एवढा धीटपणा माझ्यात त्या बाईंमुळे आला, हे मी आजही मान्य करते.

दोन वर्षांनी आष्टेकराचा फोन आला. मावशी कावीळ होऊन गावी गेल्या होत्या आणि तिथेच गेल्या. आम्ही दोघं दहिवडीपर्यंत एसटीने आणि पुढे चालत त्यांच्या वाडीवर पोचलो. दारात जाऊ बसली होती. कोण, कुठून, ते सांगितलं. तिने पाणी दिलं. विचारावं की नाही, मला कळेना. तीच बोलली.

"ताप चढला तवा येकच बोलत हुती. माझ्या हाताला कुनी लागू नगा. मी म्हनलं, न्हाई लागत गं." तिने तांब्या बाजूला ठेवला. "ग्येल्यावर मीच कासाराला बोलावनं धाडलं. दोनी हात भरलं. हिरवं लुगडं नेसवलं, वटी भरली. सवाशीन म्हनून नेली तिला."

"तुम्ही?" आष्टेकराच्या तोंडून निघून गेलं.

"मीच. इतकी वर्सं काढ काढ म्हनून तिच्या मागं लागले हुते न्हवं?" तिने पदराने डोळे पुसले. "आता भाऊजी आलं म्हंजी त्यास्नी सांगाया तोंड तरी हाय आमाला."

एवढं बोलून ती उठली आणि वाडीवर येणाऱ्या वाटेकडे बघत उभी राहिली.