पलीकडच्या बाजूचं बटण

मंगळवारी सकाळी चामोर्शीच्या कौसल्याबाई गडचिरोलीला माझ्या शेडमध्ये आल्या आणि महिनाभर चाललेली माझी डोकेफोड दहा मिनिटांत संपली. संपली म्हणजे... सांगतो.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. काम बिघडलं की दोष मशीनमध्येच असणार, अशी माझी पक्की समजूत. सुनंदा, माझी बायको, यावर खूप हसायची... तिला जाऊन आता सव्वा वर्ष होईल.

तिला सहा जणांचं डायनिंग टेबल हवं होतं. घरात आम्ही दोघं, मुलगी पुण्याला, तरी टेबल सहा जणांचंच. "पाहुणे आले तं अर्धे वर अन् अर्धे खाली बसवाचे का?" म्हणायची. वनविभागाच्या डेपोतून सागवान घेतलं, आरामशीनवर चिरून आणलं, त्यातल्या चार फळ्या तिनेच हात फिरवून निवडल्या. मग तिचं आजारपण सुरू झालं आणि फळ्या भिंतीला टेकून तशाच राहिल्या.

यंदा ठरवलं, टेबल करायचंच. हाताने घासायला आता खांदा साथ देत नाही, म्हणून जुना ड्रम सँडर शोधला. यात फळी एका बाजूने आत सरकवायची, वर पॉलिश पेपर गुंडाळलेला रूळ फिरतो आणि दुसऱ्या बाजूने ती गुळगुळीत होऊन बाहेर येते. चामोर्शीचे देवाजीभाऊ सुतार वारले होते, त्यांचं मशीन त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, विकायला काढलं होतं. गाडीत चढवताना त्या एवढंच म्हणाल्या, "सांभाळून न्या जी. त्याईनं लेकरावानी ठेवली होती."

घरी आणून सगळं खोललं. बेअरिंग बदलले, गंज रॉकेलने काढला, नवा पट्टा टाकला. खरं सांगू का... सुनंदा गेल्यावर पहिल्यांदाच हातांना काहीतरी काम मिळालं होतं, बरं वाटत होतं.

एक गोष्ट पाहून मात्र हसू आलं. चालू करायचं बटण फळी घालण्याच्या बाजूला आणि बंद करायचं पार पलीकडे. चालवणाऱ्याचा हात तिथे पोचणार कसा? मी ते काढून माझ्या बाजूला आणलं, स्क्रूची भोकं पुट्टीने बुजवली, वरून रंग मारला. इथे ग्रुपवर फोटोही टाकला होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कौतुक केलं होतं.

पहिली फळी घातली. आरशासारखी निघाली, पण शेवटच्या चार बोटांत खड्डा. ते टोक कापून टाकलं, टेबलाला चारही सारख्या लांबीच्या हव्यात म्हणून बाकीच्या तीनही तेवढ्याच कापल्या. पुन्हा लेव्हल तपासली, ड्रम सेट केला, पुन्हा फळी घातली... पुन्हा खड्डा, पुन्हा करवत.

असं करत सहा फुटांच्या फळ्या साडेपाचवर आल्या. आणखी कापल्या असत्या तर टेबल चौघांचंच झालं असतं. तिने निवडलेलं लाकूड मी तिच्या फोटोसमोर तुकड्यातुकड्याने संपवतोय असं वाटायला लागलं, आणि एक दिवस करवत खाली ठेवून रडलो.

मग राग काढला तो कौसल्याबाईंवर. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. फोन करून म्हणालो, तुमचं मशीन फळी खातं, आधी सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "कधी खात नव्हती जी. मंगळवारी दवाखान्यात डोळे दाखवाले येऊन राह्यली, पाहून जाईन."

आल्या, मशीनकडे नीट पाहिलंही नाही. सरळ पलीकडच्या बाजूला गेल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "घाला."

फळीचं टोक बाहेर आलं तसं त्यांनी ते दोन्ही तळव्यांवर घेतलं, किंचित वर उचलून धरलं आणि एकेक पाऊल मागे सरकत गेल्या. फळी पूर्ण बाहेर आली. खड्डा नाही.

पुढचं टोक अधांतरी राहिलं की लवतं, मागचं वर उचललं जातं आणि ड्रम तिथे खातो... इतकं साधं. पोरांना फिटिंग शिकवतो मी.

"मशीन चांगली आहे," बाई म्हणाल्या. "इकडून धराले मानूस पायजे. घेतली तवापासून मीच उभी राहत होती इथी."

चारही फळ्या काढल्या. शेवटची त्यांनी हळूच थप्पीवर ठेवली आणि न बघताच त्यांचा उजवा हात मशीनच्या कडेला गेला. बोटं पुट्टी भरलेल्या जागेवर चाचपडली... आणि थांबली.

"इथी बंद कराचं बटन होतं. त्याईनं माह्यासाठी लावलं होतं. शेवटची फळी माह्या हातात आली का मीच बंद करत होती."

मी धावत जाऊन माझ्या बाजूने मशीन बंद केलं. चुकीच्या बाजूला आहे असं वाटलं म्हणून काढलं, असं कसंबसं बोललो.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "आता इकडं कोन उभं राह्यते?"

त्या स्वतःविषयी बोलत होत्या की माझ्याविषयी, मी विचारलं नाही. चहा झाला, जाताना त्यांनी चारही फळ्यांवरून एकदा हात फिरवला. सुनंदाने निवडताना फिरवला होता तसाच.

टेबल साडेपाच फुटांचं होतंय. मुलीला सांगितलंय, सुट्टी काढून ये, पाय आणि पट्ट्या घासायच्या आहेत, पलीकडून धरायला कोणीतरी हवं. पहिलं जेवण कौसल्याबाईंसोबत करायचं ठरलंय. बाई, तुमचे उपकार आहेत माझ्यावर.

काल पुट्टी खरवडून ते बटण पुन्हा होतं तिथे लावलं. आता बंद करायचं तर मला अख्ख्या मशीनला वळसा घालून पलीकडे जावं लागतं... मी पोचेपर्यंत मशीन रिकामंच फिरत राहतं.