पाद्रीबुवा आणि माझं ‘या, या’

लग्न झालं तेव्हा मला सासू नव्हती, म्हणून माहेरची मंडळी खूश होती. घरात पाद्रीबुवा आहेत, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पाद्रीबुवा म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज धर्मोपदेशक. तो वैद्य होता, झाडापाल्याचा जाणकार होता आणि पक्का भांडखोर होता. विद्वान लॅटिनमध्ये लिहीत असताना यानं वनस्पतींवर साध्या इंग्रजीत लिहिलं, कारण औषधं विकणाऱ्यांनाच झाडं ओळखता येत नाहीत, असा त्याचा राग होता. धर्मावरून वरच्यांशी वाकडं आल्यामुळे दोनदा देश सोडावा लागला. बिशपच्या डोक्यावरची टोपी पळवून आणायला म्हणे त्यानं कुत्रा शिकवून ठेवला होता. आमच्याकडे माझा वाढदिवस कुणाच्या लक्षात राहत नसे, पण त्या कुत्र्याची गोष्ट प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळे.

हे नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पाद्रीबुवांचं चरित्र मराठीत लिहायचं आणि शेवटच्या प्रकरणात त्यांच्या झाडांची वर्णनं अशी करायची की, वाचून कुणालाही झाड ओळखता यावं, असा यांचा पण. तो तीस वर्षं चालू होता. यांचं अक्षर यांनाही लागत नसल्यामुळे हस्तलिखिताची सुवाच्य प्रत मी तीनदा काढली. तिन्ही वेळा झाडांचं प्रकरण अपुरंच. “जे पाहिलं नाही, ते लिहू कसं?” हे म्हणायचे. इंग्लंडला जाणं काही झालं नाही.

२००४ च्या वसंतात मुलानं आम्हाला अमेरिकेत, शिकागोजवळ नेपरव्हिलला त्याच्या घरी नेलं. यांच्या बायपासनंतर डॉक्टरांनी एवढ्या प्रवासाला ‘हा एकदाच’ असं बजावून हो म्हटलं होतं. बर्फ वितळलं, घरापुढचं गवत हिरवं झालं आणि एका सकाळी हे तिथं गुडघे टेकून बसलेले दिसले. छातीत दुखतंय की काय म्हणून मी धावले. तर यांच्या डोळ्यांत पाणी आणि बोट एका पिवळ्या फुलावर.

“अगं, डॅन्डेलियन!”

पाद्रीबुवांची निम्मी झाडं मुलाच्या लॉनमध्ये उगवली होती. कधीकाळी गोऱ्यांबरोबर बोटीतून आलेली. ज्यांचे काढे करून पाद्रीबुवांनी माणसं बरी केली, त्यांना तिथं तण म्हणत आणि महिन्या-महिन्याला औषध मारून संपवत. यांनी मात्र प्रत्येक रोपाजवळ आइस्क्रीमची काडी खोवली आणि वही घेऊन बसले. कळी, फूल आणि मग वाऱ्यावर उडणारी म्हातारी, सगळं पाहूनच लिहायचं. दिवाळीच्या आत प्रकाशकाला प्रकरण द्यायचं होतं आणि जूनअखेरीस आमचं परतीचं विमान होतं.

दोन आठवड्यांत सोसायटीचं पत्र आलं. आपलं लॉन सबंध रस्त्याला शोभत नाही, असा त्याचा सारांश.

“बाबा, नेबर्स बघतात हो,” मुलगा म्हणाला. पण बापाचा चेहरा पाहून विरघळला. “ओके, स्प्रेवाल्याचं कॅन्सल करतो. आई, तरी कोणी आलंच, तर जस्ट से नो.”

आता एवढं मला जमणार नाही का? चार दिवसांनी दुपारी बेल वाजली. हे झोपले होते. दारात लाल टोपीचा, घामाघूम, तोंडभर हसणारा तरुण. तो काहीतरी भराभर बोलला, त्यातलं मला ‘लॉन’सुद्धा ऐकू आलं नाही. दारात आलेल्या माणसाला काय म्हणायचं, हे मात्र मला आईनं शिकवलं होतं.

“या, या!” मी म्हणाले, आणि पाणी आणायला आत गेले.

पाणी घेऊन परतले, तर तो पाठीला टाकी अडकवून लॉनच्या मधोमध होता. निघताना त्यानं एक पिवळी पाटी रोवली आणि मला हात हलवला.

संध्याकाळी मुलानं कंपनीला फोन लावला. फोन ठेवून माझ्याकडे वळला. “आई, तू त्याला हो म्हणालीस?”

“मी कशाला हो म्हणू? मी ‘या, या’ म्हटलं.”

मुलानं कपाळाला हात लावला. त्यांच्यात ‘या’ म्हणजे हो. हे माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. पण हे उठून खोलीत गेले आणि वही उशाखाली सारून भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी काड्यांजवळची पानं पीळ पडून काळवंडली. हे बाहेर यायलाच तयार नव्हते. इतकी वर्षं ज्या पाद्रीबुवांचा मी राग राग केला, त्यांना मीच मारल्यासारखं मला वाटत होतं, आणि मला खरंच रडू आलं.

चौथ्या दिवशी साडीवर बूट चढवले, प्लॅस्टिकची पिशवी घेतली आणि शिकागोच्या गाडीच्या रुळांकडेला गेले. त्या उतारावर कुणाचं लॉन नव्हतं. दोन तास वाकून कमरेचे टाके ढिले झाले. परत येऊन पिशवी यांच्या टेबलावर ओतली.

हे उठून बसले. एकेक उचलत गेले. पिवळं डॅन्डेलियन, म्हातारी झालेलं डॅन्डेलियन. समांतर शिरांच्या पानांचं प्लॅन्टेन. चौकोनी देठाची, चुरगळली की वास येणारी ग्राउंड आयव्ही.

“तुला कुणी ओळखून दिलं?”

“तुम्हीच. तीनदा लिहून काढलंय.”

मग चिकवीड म्हणून आणलेलं पांढरं फूल यांनी उचललं आणि कपाळाला आठ्या पडल्या. “हे चिकवीड नाही.”

“तुम्ही पाच पाकळ्या लिहिल्यात. तिथं दहा पाकळ्यांचंच रान माजलेलं. बाकी सगळं जुळत होतं, देठाच्या एकाच बाजूची केसांची ओळसुद्धा. पण पाकळ्या दहा. म्हणून ते टाकून पाचाचं शोधत पार रुळांपलीकडच्या तळ्यापर्यंत गेले.”

हे ते फूल खाली ठेवून माझ्याकडे वळले. “पाचच असतात,” मग म्हणाले. “पण प्रत्येक मधोमध चिरलेली. दहा दिसत असणार.”

“असणार काय? दिसतात. मी मोजल्या.”

यांनी हस्तलिखित ओढलं, ते पान काढलं. “चूक माझी आहे,” म्हणाले.

अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. ऐकू आलं नाही असं सांगून पुन्हा म्हणायला लावणार होते. तेवढ्यात यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि पेन माझ्या हातात दिलं.

“तू पाहिलंयस,” हे म्हणाले. “तूच लिही.”