डबीतली दही-साखर

कार्डिफच्या एका कॉलेजात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात साठी ओलांडलेल्या एक काकू होत्या, नागपूरहून मुलाकडे राहायला आलेल्या. मुलाला सोबत न घेता डॉक्टरकडे एकटीनं जाता यावं, एवढ्यासाठी त्या शिकत होत्या. "बाईमाणसाचं दुखणं मुलासमोर कसं सांगायचं?" असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. तोंडी परीक्षा पास झाल्या की त्यांना पुढचा वर्ग मिळणार होता.

परीक्षा तशी सोपी. घरून एखादी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. पण त्या दिवशी माझं काम तपासायला बाहेरून एक बाई येऊन बसल्या होत्या, आणि मला सगळं कसं नीटनेटकं दिसायला हवं होतं.

काकूंनी आत येऊन पिशवीतून स्टीलची डबी काढली, झाकण उघडलं. दही-साखर! आता या स्वतःच्या हातावर घेणार, मग माझ्या हातावर ठेवणार, आणि वर त्या गोऱ्या बाईंच्याही! काकूंचीच मला लाज वाटली. "नो फूड इन हिअर, प्लीज," मी फटकन म्हणाले. एरवी त्यांच्याशी दोन शब्द तरी मराठीत बोलते, त्या दिवशी तेवढेही नाही.

त्यांनी डबी परत पिशवीत ठेवली. वस्तू कोणती आणलीत, असं मी इंग्रजीत विचारलं, पुन्हा विचारलं. "सॉरी, मॅडम," एवढंच बोलून त्या उठल्या. मी नापास लिहिलं.

त्या गेल्यावर तपासायला आलेल्या बाई म्हणाल्या, "त्या डबीत काय होतं? मला वाटलं, त्या त्याबद्दलच बोलणार."

मी धावत खाली गेले. काकू बसस्टॉपवर होत्या.

"काकू, डबीबद्दल बोलणार होतात?"

"हो ना. सुनेनं पाठ करून घेतलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"अहो, तुम्ही आपल्यातल्या. तुम्हाला ठाऊक असून नको म्हणता, म्हणजे माझंच काही चुकलं असेल."

दुसऱ्या कुणीही विचारलं असतं, हे काय आहे म्हणून. मी ते ओळखलं, म्हणून विचारलं नाही. शरमेनं मला त्यांच्याकडे बघवेना. पुन्हा परीक्षेला बसवते, असं कसंबसं म्हणाले.

"बघते," बस आली तशी त्या म्हणाल्या, "मुलाला विचारून सांगते."