कुंडावर टांगलेली बाई

दामोदर गुरुजी गेल्याचं मला कळंबच्या मोटारीत कळलं. शेजारी बसलेल्या गावकऱ्यानं सहज सांगितलं... त्याला आता महिना झाला.

मी त्यांच्याच शाळेत मास्तर; ते मला वडीलधारे. छप्पन साली गावच्या देवळाच्या सभामंडपात त्यांनी हमीदभाई पेंटरकडून नरकाचं चित्र काढून घेतलं. कोणत्या पापाला कोणती शिक्षा, ते गुरुजी पोथीत पाहून सांगत आणि हमीदभाई रंगवत. मग दर एकादशीला हातात छडी घेऊन गुरुजी लोकांना अर्थ उलगडून दाखवत. वैतरणीतलं रक्त म्हणजे आपली हाव, यमाचे कुत्रे म्हणजे आपलंच मन, कुठंही गेलं तरी माग काढणारं. कोपऱ्यात पाण्याच्या कुंडावर उलटी टांगलेली एक बाई होती. तिच्यावर छडी ठेवून ते म्हणत, "हिनं सोताचा जीव देल्ला. आता पाणी दिसते, पण भेटत नाई."

दोन वर्षांनी गावातल्या सुभद्राबाईच्या लेकीनं, शांतानं, विहिरीत उडी घेतली. सासरहून तिसऱ्यांदा माहेरी आली होती आणि तिला पुन्हा धाडायचं ठरलं होतं. पुढच्या एकादशीला सुभद्राबाई तांब्या घेऊन आली आणि तिनं चित्रातल्या त्या बाईच्या तोंडावर पाणी ओतलं. रंग ओघळू लागला. पुजारी ओरडला, तशी ती म्हणाली, "लेकीले पाणी पाजून राह्यली. गुरुजी, अजून किती दिवस टांगून ठेवतीन तिले?"

गुरुजींनी छडी खाली ठेवली. ती पुन्हा कधी उचलली नाही.

काही दिवसांनी मला सोबत घेऊन ते तिच्या घरी गेले. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "बाई, मले काईच मालूम नाई. पोथीतलं बोलत होतो. तुमची शांता तिथं नाई."

"काईच मालूम नाई, मंग तिथं नाई हे कसं मालूम?" तिनं मान वर केली नाही. "तुमचं सारं आयकलं होतं तिनं. माह्याच बाजूले बसे. तरी उडी घेतली... सासर कसं असन, सांगा!"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतः चुन्यानं ती बाई पुसली. सुभद्राबाई मात्र दर एकादशीला तिथं पाणी ओतायला येतच राहिली. तिचा तांब्या गुरुजी विहिरीवरून भरून आणून देत, अगदी अंथरुणाला खिळेपर्यंत.

परवा एकादशीला देवळात गेलो. सुभद्राबाई आता वाकली आहे. त्या पांढऱ्या चुन्यावर तिनं पाणी ओतलं. तांब्यात थोडं उरलं होतं. तेही ओतत ती म्हणाली, "हे गुरुजीले."