आईच्या नावापुढचा रकाना

माझ्या जिवंत आईला मी एकदा मारून टाकलं. भर दुपारी, फोर्टातल्या एका कचेरीत, पंख्याखाली बसून, दुसऱ्याच्या बॉलपेननं. आज मी स्वतः आजी आहे, नातवंडांना शहाणपणा शिकवते, म्हणून हे एकदा कबूल केलेलं बरं.

आमचे हे आखातात नोकरीला जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकटी त्यांना फोटोवरूनच ओळखायची. अखेर कंपनीनं बायकोमुलांना बोलवायची परवानगी दिली. वर्षाच्या वर राहायचं तर व्हिसाच्या आधी आरोग्याचा विमा हवा, आणि विम्याच्या फॉर्मात आईबापांचीही चौकशी होती. हयात असतील तर तब्येत कशी, नसतील तर कशानं गेले. ह्यांनी पत्रात बजावलं होतं की एकदा तिथं पोचलं की पासपोर्ट कंपनीच्या कपाटात जातात, मध्येच यायचं तर आईबाप गेल्याची तार दाखवावी लागते.

वडील म्हातारपणानं गेले होते, ते एका ओळीत सुटले. आईला मात्र तरुणपणी क्षय झाला होता. बरा झाला, पण दर थंडीत खोकला यायचाच. फॉर्म भरून घेणारा एजंट म्हणाला, हयात लिहिलंत तर छातीचे फोटो, डॉक्टरांचे दाखले, वर्षभर हेलपाटे, आणि तरी नकार आला तर माझ्याकडे येऊ नका. पुढचं तो बोलला नाही. ती अक्कल माझी.

माझी मावशी, म्हणजे आईची पाठची बहीण, गावी भाताच्या खाचरात पान लागून गेली होती. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून आमच्या कोकणात पान लागलं म्हणतात. ते मावशीचं मरण उचलून मी आईच्या नावापुढे लिहिलं. मयत, सर्पदंश. रोग नाही, म्हणजे प्रश्न नाही. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले, आणि बर्फ जास्त घातला म्हणून रसवाल्याशी भांडलेसुद्धा. एवढी मी हुशार.

पूल ओलांडून बस वाशीत शिरली की तेव्हा नुसता भराव दिसायचा, आणि त्यावर अर्ध्या रिकाम्या इमारती. आई, मुलं आणि मी तिथंच राहायचो. आमच्या वरच्या मजल्यावर कोणी राहत नव्हतं, तरी खाडीच्या वाऱ्यानं तिथली दारं दिवसभर आपटायची. त्या संध्याकाळी मी ताटं वाढली. मुलांची दोन, माझं एक. बसल्यावर पाहिलं तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं ताट मी घेतलंच नव्हतं. तिनं स्वतःच ताट आणलं आणि रोजची जागा सोडून भिंतीकडे बसली.

त्याच आठवड्यात तिचा खोकला थांबला. ऐन थंडीत, पहाटेपासून चालणारा तो खोकला एकदम बंद. घर इतकं गप्प झालं की धाकटीनं विचारलं, आजी झोपली की कुठे जाते? मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी दुपारी आईचा डोळा लागला की मी तिच्या नाकासमोर बोटं धरून श्वास तपासायचे. एकदा तिनं तशातच डोळे उघडले. नुसती बघत राहिली. मी डास मारल्यासारखं केलं. खाली मीटरच्या खोलीत साप निघाला, तेव्हा दोन दिवस तिला जिना उतरू दिला नाही. भरावावर साप निघायचेच, पण मला वाटलं, तो पत्ता विचारत आलाय.

साप गेला आणि विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला. दार आईनंच उघडलं. तो बसला, फाइल उघडली, आणि मला विचारलं की तुमच्या आईला सर्पदंश झाला तो कुठे? आई त्याच्यासाठी पाणी घेऊन माझ्या शेजारी उभी होती. मी त्याच्या फाइलीतलं माझंच अक्षर वाचायला लागले. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भांडं त्याच्या हातात दिलं. थेंबही सांडला नाही.

"मी हिची मावशी," ती म्हणाली. "मला विचारा. मी तिथंच होते."

मग तिनं सगळं सांगितलं. लावणीचे दिवस, डाव्या पायाचा अंगठा, हिरवं लुगडं. पाणी मागत होती पण गिळता येत नव्हतं. सगळं खरं, फक्त मेलेली बहीण बदललेली. सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला. मावशीचा आवाज मला आठवत नाही, पण तो आईचा नव्हता एवढं नक्की. त्या माणसाचे डोळे भरून आले. निघताना तो तिला म्हणाला की आता तुम्हीच हिची आई. तिनं मान हलवली.

विमा झाला, व्हिसा आला. पण त्या दिवसापासून मी "आई" अशी हाक मारली की ती मान वर करेना. राग म्हणावा तर तोही नाही, जणू त्या नावाचं घरात कोणी नव्हतंच. जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागायचा, आणि खांदा दर वेळी गार असायचा.

निघायच्या आदल्या दिवशी, भाऊ तिला गावी न्यायला येणार होता त्या दुपारी, मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडले. म्हटलं, मी जात नाही, तो फॉर्म परत मागते, फाडून टाकते. ती माझ्या बॅगेत आमसुलं कोंबत होती. कोंबता कोंबता तिला ठसका लागला, आणि मग तो जुना, छातीतून येणारा खोकला. कुणाच्या खोकल्यानं मला इतकं बरं कधी वाटलेलं नाही. ओ दिली नाहीस तरी चालेल, खोकत राहा, असं मी म्हणणार होते. तिनं पदरानं तोंड पुसलं, बॅगेची चेन ओढली आणि म्हणाली:

"फाडून काय होतंय, गो? त्यांच्या दप्तरात मी गेलेलीच. आता खरीच गेले नि तुला तार आली, तर आई गेली म्हणून सांगू नको, एकच बाई दोनदा मेलेली त्यांना पटायची नाही. मावशी गेली म्हण. पण मावशीसाठी सोडतात का, तेवढं पोचल्या पोचल्या विचारून ठेव."