मी आहे ना पाठीशी

चर्चच्या दाराला पाच पायऱ्या आणि बाईंच्या खुर्चीला चार चाकं. या दोघांचं काही केल्या जमेना. ज्या बाईंनी अर्ध्या मंडळीला संडे स्कूलमध्ये शिकवलं, त्या दोन वर्षं पायऱ्यांखाली उन्हात बसून आतली उपासना ऐकत होत्या. येणारा-जाणारा हळहळायचा, "कुणीतरी काहीतरी करायला हवं हो!" ते ऐकून बाईंच्याच वर्गात शिकलेल्या गवंड्याच्या डोक्यात तिडीक जायची. अरे, हा कुणीतरी आहे तरी कोण? त्याचा बाप्तिस्मा झाला कधी?

शेवटी त्यानं मेहुण्याला गाठलं. मेहुणा म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ आणि मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी.

"पायऱ्यांच्या कडेनं एक उतार बांधून देतो. कमिटीला विचारू?"

"छे हो दाजी! कमिटीच्या नादी लागलात तर बाई आधी स्वर्गात पोचतील. तुम्ही व्हा पुढं. मी आहे ना पाठीशी!"

गवंडी भोळा. शब्द म्हणजे शब्द, असं मानणारा. तीन दिवस खपून त्यानं उतार बांधला, पुढं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. रविवारी बाईंची खुर्ची स्वतः ढकलत आत नेली. पहिल्याच गीताला बाईंचे डोळे भरले. त्यानं रुमाल दिला, तर त्याला सिमेंट लागलेलं. बाईंच्या गालावर राखाडी पट्टा उठला आणि दोघंही भर उपासनेत हसली.

त्याच आठवड्यात कमिटीची सभा लागली. त्या पायऱ्या अध्यक्षांच्या वडिलांनी बांधून दिलेल्या, आणि त्यांच्या नावाची फरशी उतारामागं झाकली गेली होती. गवंड्याला ती दिसली नव्हती असं नाही. पण कोरलेल्या नावापेक्षा खाली बसलेलं जिवंत माणूस मोठं, असं त्याला वाटलं. चुकलंच की नाही बिचाऱ्याचं!

"कुणाला विचारून बांधलंत?" अध्यक्ष गरजले.

गवंड्यानं मान वळवून मागं पाहिलं. पाठीशी तर मेहुणा होताच! बरोबर मागच्या बाकावर, हातभर अंतरावर, वही उघडून बसलेला. त्यानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"आमच्या दाजींचा स्वभावच जरा आगाऊ," तो म्हणाला. "मी नको म्हणत होतो."

गवंड्याचे कान तापले. परक्यानं तोंडावर थुंकलं असतं तरी इतकं लागलं नसतं. काम अंगाशी आलं नसतं तर यानंच या वहीत 'पुढाकार' लिहिलं असतं. आता झाला आगाऊपणा. त्याला खूप बोलायचं होतं. तोवर ठराव झाला, की ज्यानं बांधला त्यानंच शनिवारपर्यंत फोडावा.

त्यानं फोडला. बांधायला तीन दिवस लागले होते, फोडायला तासही लागला नाही. हाताला फोड आले नाहीत, पण जेवणाचं ताट त्यानं तसंच सरकवलं. बायको समोर बसून होती. भावाचं नाव तिनं काढलं नाही.

रविवारी बाई पुन्हा पायऱ्यांखाली. गवंडी आत गेलाच नाही, त्यांच्याजवळ उभा राहिला.

"बाई, दारात गर्दी म्हणून त्या पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून येशूपुढं खाली सोडलं, ती बायबलातली गोष्ट तुम्हीच सांगितलेली. त्यांनी घरमालकाला विचारलं होतं का हो?"

"नाही रे. पण त्याला उचलणारे चौघे होते," बाई म्हणाल्या. "तू एकटा."

गवंडी खाली वाकला आणि त्यानं खुर्चीचा एक कोपरा धरला. वरच्या पायरीवर मेहुणा गीतांचं पुस्तक घेऊन उभा होता.

"पाठीशी नको राहूस," गवंडी म्हणाला. "खाली ये. एक कोपरा धर."

मेहुण्यानं आत अध्यक्षांच्या बाकाकडं पाहिलं. मग खाली मान घालून तो आत निघून गेला. त्याच्या शेजारून त्याची बहीण बाहेर आली, पायऱ्या उतरली आणि तिनं दुसरा कोपरा धरला.

"उचला," ती नवऱ्याला म्हणाली.

दोघांनी जोर लावला. खुर्ची एका बाजूनं उचलली गेली, तिरकी झाली, परत खाली टेकली. आत गीत सुरू झालं होतं.

"दोन झाले," बाई वर्गात हजेरी घ्यावी तशा म्हणाल्या, आणि दाराकडं बघत राहिल्या.